काळीचं ऑपरेशन

आमच्या कुरवंड्यात कुणी कुत्रं विकत आणल्याचं मला आठवत नाही. कुत्रं येतं. पावसाच्या झडीत पडवीला अंग चोरून बसतं, घरातलं कुणीतरी शिळ्या भाकरीचा तुकडा टाकतं, आणि आठ दिवसांनी तेच कुत्रं ओसरीवरनं परक्या माणसावर भुंकतं. झालं, ते त्या घरचं. त्याला पट्टा नाही, कागद नाही. रात्री दारात, दिवसा गावभर. ‘कुत्रं कुणाचं?’ असं विचारलं तर उत्तर प्रसंग पाहून मिळतं. कोंबडी धरली असेल तर ते कुणाचंच नसतं. भातातनं रानडुकरं हुसकली असतील तर तीन घरं सांगतात, आमचंच.

सरकारी नियमात मात्र कुत्र्याचे दोनच खाने आहेत. २००१ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, २०२३ च्या मार्चमध्ये ते बदलून नवे आणले. पाळलेल्या कुत्र्याचं ऑपरेशन आणि लस ही मालकाची जबाबदारी. रस्त्यावरच्या कुत्र्याची जबाबदारी महापालिका, नगरपालिका, पंचायत यांची. वाचायला सरळ आहे. पण कातकरवाडीतल्या बाईच्या दारात झोपणारी, तिच्या शेळ्या राखणारी आणि दिवसा बंगल्यांच्या उकिरड्यावर पोट भरणारी काळी कुत्री कुठल्या खान्यात घालायची? पंचायत म्हणणार, बाई, कुत्री तुमची. बाई म्हणणार, माझ्याकडं पैसं असतं तर मी आधी घरावर पत्रा टाकला असता. या दोन खान्यांच्या मधल्या फटीत आमची कुत्री जन्मतात आणि वाढतात.

गाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, नौदलाच्या आय.एन.एस. शिवाजीच्या शेजारी आमचं गाव. पुढं नागफणीचा कडा, आणि कड्याखाली एकदम कोकण. कुरवंड्याच्या घाटानं १६६१ साली कारतलबखानाची फौज खाली उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिची कोंडी केली, हे इथलं शाळेतलं पोरही सांगतं. आता शनिवार-रविवारी वेगळी फौज येते. गाड्यांच्या रांगा लागतात. भजी, मक्याची कणसं, मॅगी, चहा. फौज संध्याकाळी परत जाते, उष्टं मागं राहतं. बंगल्यांच्या पार्ट्यांचं उरलेलं वेगळंच. जिथं अन्न तिथं कुत्रं. पूर्वी गावात पोटाला मिळायचं तेवढीच कुत्री जगायची. आता जास्त मिळतं, जास्त जगतात.

भाद्रपद आला की काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको, म्हणीतच आलेलं आहे. एकेका मादीमागं आठ-दहा नर, रात्रभर भांडणं, चावाचाव. पोरं शाळेत जायला भितात, दुधाचा गडी काठी घेऊन निघतो. कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी विते. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन भात झोडणीला. पेंढ्याच्या उडवीखाली, पडक्या गोठ्यात, कुणाच्या न्हाणीमागं पाच-सहा पिल्लं कुईकुई करतात. नर असतील ते कुणीतरी राखणीला घेऊन जातं. माद्या राहतात, आणि पुढच्या-त्याच्या पुढच्या भाद्रपदात त्याच माजावर येतात.

उरलेल्या माद्यांचं करायचं काय, याला गावागावांत एक जुनी रीत होती. पोत्यात भरायच्या आणि बाजाराच्या गावाला, नाहीतर हायवेच्या कडेला सोडून यायच्या. नेणारा रिकामं पोतं झटकत घरी यायचा आणि कुणी त्याला काही विचारायचं नाही. दुसऱ्या गावचं पोतं तसंच आमच्या वेशीवर रिकामं व्हायचं. कुत्री कमी कुठंच होत नव्हती, नुसती गावं बदलत होती. थंडीत बरीच पिल्लं मरायची. माणसं वाईट होती म्हणून हे चालायचं असं नाही. दुसरं काय करता येतं हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणि मग पिसाळलेलं कुत्रं. आमच्या आळीत एका घरच्या दुभत्या गाईला कुत्रं चावून गेलं. जखम लहान, भरूनही आली. दीड-दोन महिन्यांनी गाय खाईना, तोंडातनं लाळ गळायला लागली, घोगरं हंबरायला लागली. सगळ्यांना वाटलं, घशात काहीतरी अडकलं. घरधन्यानं तोंडात कोपरापर्यंत हात घालून बघितलं, शेजाऱ्यानंही बघितला. गुरांच्या डॉक्टरांनी आल्या आल्या सगळ्यांना लांब केलं. गाय तीन दिवसांत गेली. हात घातलेल्या दोघांना आणि घरच्यांना इंजेक्शनांसाठी चकरा माराव्या लागल्या. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चावल्यावर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं जखम धुवायची आणि लगेच लस घ्यायची, एवढाच उपाय. त्या घरचं दूध गेलं, पोरांच्या फीचे पैसे गेले. चावलेलं कुत्रं कुणाचं होतं? अर्थात कुणाचंच नव्हतं.

तेव्हापासनं मी या गोष्टीच्या मागं लागले. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण वाचायची सवय राहिली आहे आणि चार ठिकाणी विचारायला लाज वाटत नाही.

पहिल्यांदा मला वाटायचं, अडचण पैशाची आहे. खाजगी दवाखान्यात कुत्रीच्या ऑपरेशनला काही हजार रुपये लागतात. ते ऐकून वाडीतली माणसं हसायची, ‘एवढ्यात शेळी येती’. म्हणून एकदा शहरात कुठं तरी ऑपरेशन फुकट होतंय असं कळल्यावर मी धावत काळीच्या मालकिणीकडं गेले. ही विधवा बाई, सकाळी बंगल्यावर भांडी घासते, दुपारी शेळ्या. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “काकी, मला फुकट बी परवडत न्हाई.”

मग तिनं हिशेब सांगितला. यष्टीत कुत्री घेत नाहीत. रिक्षावाला घेतो, पण दुप्पट मागतो. न्यायचा एक दिवस, आणायचा एक दिवस, टाके बघायला आणखी एक. तीन दिवसांची मजुरी गेली. बंगल्यावरची बाई एक खाडा ऐकून घेते, तिसऱ्याला दुसरी बाई बघते. कुत्री दारात नाही म्हणजे तेवढ्या रात्री शेळ्यांची राखण कुणी करायची? बिबट्या तर रोजचाच. आणि घरी आणल्यावर दहा दिवस कोरड्यात बांधून ठेवायची म्हणता, तर कोरडी जागा माणसांनाच एक खोली.

मी गप्प बसले. ऑपरेशनाची खरी किंमत डॉक्टरच्या फीमध्ये नसते, ती येण्याजाण्यात आणि बुडालेल्या मजुरीत असते, हे मला त्या दिवशी कळलं. गरिबाला परवडणारं ऑपरेशन म्हणजे नुसतं स्वस्त ऑपरेशन नव्हे.

हीच गोष्ट मी आमच्या भागात पूर्वी नोकरी केलेल्या एका निवृत्त गुरांच्या डॉक्टरांना सांगितली. मावळातल्या किती गोऱ्ह्यांना त्यांनी चिमटा लावला असेल, मोजदाद नाही. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, “ताई, मग कुत्री माझ्याकडं यायच्याऐवजी मीच कुत्रीकडं येतो.”

जनावरांचा स्वस्त दवाखाना ही गोष्ट आपल्याकडं नवीन नाही. मावळातली किती तरी माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत डबे पोचवतात. आमचे एक चुलत सासरेही त्यातलेच. परळचा ‘बैलघोडा’ त्यांच्या बोलण्यात यायचा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं ते जनावरांचं हॉस्पिटल. टांगेवाल्यांचे घोडे, गाडीवानांचे बैल तिथं बरे व्हायचे म्हणून लोकांनी त्याचं नाव बैलघोडा पाडलं. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. म्हणजे गरीब माणसाच्या जनावराला परवडेल असा डॉक्टर मिळाला पाहिजे, हे त्या काळातल्या दानशूर माणसांना समजलेलं होतं. फक्त तेव्हा जनावर म्हणजे पोट चालवणारं जनावर. कुत्र्याचा नंबर फार उशिरा लागला.

मुंबईत महापालिका वर्षानुवर्षं हजारोंनी कुत्री मारायची, विजेचा झटका देऊन. तरी कुत्री कमी झाली नाहीत, कारण उरलेल्या कुत्र्यांना जास्त अन्न मिळायचं आणि त्यांची जास्त पिल्लं जगायची. १९९४ च्या सुमारास मारणं थांबवून ऑपरेशनं सुरू झाली. चेन्नईत ब्लू क्रॉस नावाच्या संस्थेनं तर १९६० च्या दशकातच हा रस्ता धरला होता. तिथल्या महापालिकेला पटायला तीस वर्षं लागली. आणि हे फक्त भारतातलं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरानं १९७१ साली कमी पैशात कुत्र्यामांजरांची ऑपरेशनं करून देणारा नगरपालिकेचा दवाखाना उघडला. श्रीमंत देशातही गरीब असतात, त्यांच्याही दारात कुत्री विते.

आमचा पहिला कॅम्प तीन वर्षांपूर्वी चैत्रात झाला. जागा पंचायतीच्या हॉलची. डॉक्टरांबरोबर दोन मुली होत्या, शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजातनं नुकत्या पास झालेल्या. गावानं बाई डॉक्टर गुरांना हात लावताना पाहिलीच नव्हती. म्हाताऱ्या लांबनं बघत उभ्या राहिल्या.

पैशाचं गणित डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मांडलं. खाजगी दवाखाना लुबाडतो असं नाही, म्हणाले. त्यांना जागेचं भाडं आहे, नोकर आहेत, मशिनं आहेत, एका कुत्रीसाठी सगळा पसारा मांडावा लागतो. आपण एकदा पसारा मांडला की दिवसाला दहा-बारा करू, म्हणजे एकीचा खर्च उतरतो. उरतो तो भुलीचं औषध, दोरा, हातमोजे, अँटिबायोटिक आणि लस यांचा. तो कसा भागवायचा? बंगलेवाल्यांनी आपल्या कुत्र्याचे दवाखान्याएवढे पूर्ण पैसे द्यायचे. त्यातनं वाडीची दोन कुत्री निघतात. वाडीवाल्यांनी दोनशे रुपये, नसतील तर जमेल ते. एका घरानं दोन पायली इंद्रायणी दिला. डॉक्टरांनी तो घेतला, पावती फाडली आणि वहीत ‘तांदूळ’ असंच लिहिलं.

बंगल्यांच्या मालकांना पटवणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण तिथं फार बोलावं लागलं नाही. गेटवर झोपणारी कुत्री कुठल्या वाडीतनं येतात हे त्यांना ठाऊक होतं. मीच एकाला म्हणाले, “साहेब, तुमचं कुत्रं घरात आहे, पण त्याचं सासर आमच्या वाडीत आहे.” त्यानं हसून तिघींचे पैसे दिले.

खरी अडचण आली आमच्या पुरुषांची. कुत्र्या घेऊन बाया आल्या. नर घेऊन कुणी येईना. ‘कुत्रं नामर्द होईल, राखण करणार नाही, सुस्त पडंल.’ हीच माणसं गोऱ्हा खच्ची करून घ्यायला डॉक्टरांच्या मागं फिरत होती, आणि खच्ची केलेला बैल नांगर ओढतो हे रोज बघत होती. एका म्हाताऱ्या बाबांनी तर ‘नसबंदी’ हा शब्द ऐकूनच घरची वाट धरली. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची जी धास्ती बसली ती पन्नास वर्षांनीही त्यांच्या अंगातनं गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, “बाबा, आज तुमचा नंबर नाही.” हॉल हसला आणि दोन नर आले.

बायांना समजावावं लागलं नाही. आमच्या पिढीतल्या बायांची ऑपरेशनं अशाच कॅम्पात झाली. टाक्याचं, बिनटाक्याचं, दुर्बिणीचं. जीपमध्ये बसून गेलो आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. कुणी आठ दिवसांत भात लावायला वाकली आणि जन्मभर कंबर धरून बसली. नवऱ्याचं कुणाच्याच झालं नव्हतं. त्यामुळं टेबलावरच्या कुत्रीकडं बघताना बायांच्या मनात काय चाललं होतं ते मला कुणी सांगायला नको. एकीनं विचारलं, “बाई, हिची नळी बांधणार का?” त्या मुलीनं नीट सांगितलं. “नाही मावशी, नळी बांधली तर पिल्लं होणार नाहीत, पण ती माजावर येत राहील आणि कुत्री मागं लागत राहतील. म्हणून हिची पिशवी आणि दोन्ही बाजूंची अंडाशयं काढायची. मग माजच नाही, पिशवीत पू होणं नाही, आणि लहानपणीच केलं तर थानांच्या गाठीही कमी होतात.” एवढं खुलासेवार आम्हाला आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

काळीचं ऑपरेशन मी समोर उभी राहून पाहिलं. आदल्या रात्रीपासनं तिला उपाशी ठेवलं होतं. आधी वजन केलं, कारण भुलीचं औषध वजनावर ठरतं. इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटांत पाय लटपटले, मालकिणीच्या मांडीवरच ती झोपली. पोटावरचे केस काढले, औषधानं तीनदा पुसलं. चिरा दीड-दोन बोटांचा. मुलीनं एक आकडा आत घालून हळूच पिशवी वर काढली, दोन शिंगांसारखी. दोन्हीकडं गाठी मारल्या, कापलं, रक्त येतंय का बघत थांबली, मग आतून विरघळणारा दोरा घातला. अर्धा तासही लागला नाही. रेबीजची लस तिथंच दिली. कानाच्या टोकाला छोटी खूण केली, म्हणजे पुढं कुणी पुन्हा तिला धरायला नको.

खरं काम त्यानंतरचं. शुद्धीवर येईपर्यंत कुत्रीला थंडी वाजते, म्हणून गोणपाटावर ठेवून वर जुनं लुगडं टाकायचं. पूर्ण उभी राहीपर्यंत पाणी-अन्न नाही, नाहीतर ठसका लागतो. दहा दिवस पळू द्यायचं नाही, भिजू द्यायचं नाही, जखम चाटू द्यायची नाही. दवाखान्यात गळ्यात घालायला प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं मिळतं. आम्ही पोरांच्या जुन्या बनियनला चार पाय घालायला भोकं पाडली आणि पाठीवर गाठ मारली. काम तेच झालं. ज्यांच्याकडं कोरडी जागा नव्हती त्यांच्या कुत्र्या तीन-चार दिवस आमच्या गोठ्यात आणि शेजारच्यांच्या पडवीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या दोन मुली मोटारसायकलवर येऊन घरोघरी टाके बघून गेल्या. काळीच्या मालकिणीचा एकही खाडा झाला नाही. सकाळी कामाला जाताना ती कुत्री सोडून गेली, दुपारी शेळ्या वळायच्या आधी घेऊन गेली.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या कॅम्पात एक कुत्री टेबलावरच गेली. धनगराच्या घरची, कळपामागं फिरणारी, दिसायला धडधाकट. पोट उघडल्यावर रक्त थांबेना. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गोचिडांच्या तापानं तिचं रक्त आधीच पातळ झालं असावं. ते स्वतः त्या घरी गेले, अंगणात बसले, धन्याला सगळं सांगितलं. ‘आमच्या हातनं गेली’ एवढंच म्हणाले. धनगरबाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “खंडोबाचं जनावर. त्यानं दिलं, त्यानं न्येलं. पर दुसऱ्याचं नेऊ नका.” पुढं महिनाभर गावात कॅम्पाचं नाव काढायची सोय नव्हती.

त्यानंतर पद्धत बदलली. कॅम्पाच्या तीन आठवडे आधी त्या मुली येऊन कुत्री बघून जातात, गोचिडांचं आणि जंतांचं औषध देतात. त्या दिवशी हिरड्या पांढऱ्या दिसल्या, अंग गरम लागलं, कुत्री दूध पाजत असली किंवा पोट मोठं दिसलं की परत पाठवतात. मागच्या वेळी चौदातल्या चार परत गेल्या. लोक कुरकुरले. मला मात्र त्या दिवशी डॉक्टरांवरचा विश्वास बसला. स्वस्त काम म्हणजे घाईचं काम नव्हे, हे गरिबाला दिसलं पाहिजे. त्याची फसवणूक स्वस्ताच्या नावाखालीच जास्त झालेली असते. पुढच्या कॅम्पाला त्याच धनगरबाबांनी आपला नर आणला.

कॅम्प कधी घ्यायचा हेही आम्ही शिकत गेलो. आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने भिंतीसुद्धा घामेजतात, तेव्हा जखम सुकत नाही. भाद्रपदानंतर कुत्र्या गाभण, दिवाळीनंतर लेकुरवाळ्या. म्हणजे माघापासनं वैशाखापर्यंतचा काळ चांगला. पण नेमके तेव्हा कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले असतात, कुत्रीही बरोबर नेतात. ते परत येतात ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर. म्हणून आता दोन कॅम्प होतात. चैत्रात गावाचा, आणि ज्येष्ठ लागता लागता वाडीचा छोटा, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी. हे वेळापत्रक कुठल्या सरकारी कागदात सापडणार नाही. ते वाडीत विचारावं लागतं.

राखणीचं काय झालं, हे मला अजून विचारतात. काळी आधीपेक्षा जास्त घराजवळ असते. नर भटकायचे कमी झाले, भांडणांत कान-पाय फाडून यायचे तेही कमी झालं. भुंकणं आहे तेवढंच आहे. आणि बिबट्याचा एक मुद्दा मी वाचला होता तो सांगते. विद्या अत्रेय यांनी आपल्या अकोले तालुक्यात शेतीभागातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबात शंभरातला एकोणचाळीस. म्हणजे उकिरड्यावरची वाढती कुत्री ही बिबट्याला दिलेलं आवतणच. कुत्री नकोत असं माझं म्हणणं नाही. कुत्र्याशिवाय डोंगरातलं घर आंधळं आहे. जेवढ्यांना भाकरी घालता येते आणि लस देता येते तेवढीच हवीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये टीव्हीवर रोज कुत्रीच होती. ११ तारखेला सुप्रीम कोर्टानं दिल्ली भागातली रस्त्यावरची कुत्री उचलून कोंडवाड्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तो हुकूम बदलला. पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची, ऑपरेशन आणि लस करून जिथनं उचलली तिथंच सोडा, असं ठरलं. लोक दोन्ही बाजूंनी तावातावानं भांडत होते. एक बाजू मारा म्हणत होती, दुसरी खायला घाला म्हणत होती. आमच्या हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्या काळीच्या मालकिणीनं मला विचारलं, “काकी, याच्यात आमच्या कुत्रीचं कोन बोलतंय?” कुणीच बोलत नव्हतं. तिची कुत्री कुणाला चावलेली नाही आणि तिला कुणी बिस्किटंही घालत नाही.

शहरातल्या वाचकांना मी एवढंच सांगेन. तुमच्याकडं भांडी घासणारी बाई, बंगल्याचा राखणदार, बागेतला गडी, यांच्या दारात एखादी कुत्री असतेच. ‘तुम्ही ऑपरेशन का करून घेत नाही?’ असं त्यांना विचारण्याआधी त्या दिवसाची पगारी सुट्टी द्या आणि तुमची गाडी द्या. गाडीत कुत्रीचे केस पडतील, ते झटकता येतात. आणि गावच्या वाचकांना सांगते, तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात जाऊन बोला, पंचायतीच्या सभेत विषय घ्या, तोंडी नको, अर्ज द्या. हॉल मिळतो, पाणी मिळतं, लाईट मिळते. डॉक्टरही मिळतात. नव्या शिकलेल्या मुलामुलींना हाताखाली काम हवंच असतं.

आमच्याकडं अजून बऱ्याच माद्या राहिल्यात. भाद्रपद अजून शांत जात नाही, नुसता थोडा बरा जातो. पण परवा काळीची मालकीण आपण होऊन घरी आली. वाडीतल्या आणखी तिघींना कुत्र्या आणायच्या आहेत म्हणाली, दोघींकडं पैसे तयार आहेत, तिसरी तांदूळ देईल. निघताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, “डाक्टर कवा येनार ते तेवढं आधी सांगा काकी. मुकादमाला सांगाया बरं पडतं.”